भाषण किती आखावे?

दिवाळी सरली की महाराष्ट्रात बोलण्याचे दिवस सुरू होतात. साहित्य संमेलने, तालुक्याच्या व्याख्यानमाला, महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, श्रमसंस्कार शिबिरे, जयंत्या, पतसंस्थांच्या रौप्यमहोत्सवी सभा. उन्हाळा लागला की वसंत व्याख्यानमालांची पाळी येते. पुण्यात ही प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केली आणि पुढे ती गावोगावी गेली. कार्यक्रम आटोपल्यावर मांडवाबाहेर चहा घेताना श्रोत्यांच्या तोंडी दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एक, ‘वाचूनच दाखवायचे होते तर छापून वाटायचे, आम्हाला कशाला बोलावले?’ दुसरी, ‘बोलले छान, पण म्हणायचे काय होते?’ दोन्ही रास्त आहेत. अडचण अशी की पहिलीवर जो उपाय करावा, त्यातूनच बहुधा दुसरी उद्भवते.

भाषणाचा हेतू आधी किती पक्का करावा आणि त्याची मांडणी किती बांधून घ्यावी, याबद्दल जाणत्या माणसांत मतभेद आहेत. एका बाजूचे म्हणणे असे, की शंभर माणसांचा तास घेणाऱ्याने आपल्याला कुठे पोचायचे आहे हे घरूनच ठरवून यावे. दुसरी बाजू म्हणते, श्रोते समोर बसेपर्यंत भाषण तयारच होऊ शकत नाही. आधी जे तयार होते तो लेख. दोन्हीकडे मुरलेले वक्ते आहेत. त्यामुळे एका बाजूला पुस्तकी आणि दुसरीला आळशी ठरवून हा वाद मिटत नाही.

आखणीच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष गोपाळ कृष्ण गोखले यांची आहे. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर आपले पहिले भाषण केले. तिजोरीत सलग शिल्लक पडते आहे, अर्थात देशाचे बरे चालले आहे, असा सरकारचा सूर होता. मागची काही वर्षे दुष्काळाची आणि प्लेगची होती. गोखल्यांनी एकच गोष्ट सिद्ध करायला घेतली: ही शिल्लक सुबत्तेची खूण नाही, गरजेपेक्षा जास्त कर गोळा केल्याची आहे. मिठावरचा कर, जमीनमहसूल, लष्कराचा खर्च, रुपयाचा चढवून ठेवलेला भाव, असे एकेक प्रकरण आले आणि प्रत्येक त्या एका विधानाच्या पुष्टीसाठी आले. आकडेवारीच्या कामात त्यांना गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या अभ्यासकाचा आधार होता. पुढच्याच वर्षी सरकारने मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांनी उतरवला. त्याचे सगळे श्रेय एका भाषणाला देणे बरोबर होणार नाही. तथापि, ते भाषण आकड्यांनी गच्च भरलेले असूनही आज त्याचा मुद्दा कोणालाही एका वाक्यात सांगता येतो, ही करामत आखणीचीच आहे.

मात्र गोखले जिथे बोलत होते ते सभागृह लहान होते. श्रोते मोजके, अर्थसंकल्प वाचून आलेले, आणि प्रत्येक शब्द छापला जाणार हे वक्त्याला ठाऊक. तीच शिस्त सरसकट सर्वांना लावली की काय होते, ते आपल्या शालेय वक्तृत्व स्पर्धांत दिसते. ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती.’ भाषण बाईंनी लिहिलेले असते. हात कुठल्या वाक्याला वर न्यायचा हेही ठरलेले. मध्येच एक शब्द अडतो. पोर पुढचे वाक्य शोधत नाही. ती परिच्छेदाच्या सुरुवातीला परत जाते आणि तिथून धाव घेऊन अडलेली जागा ओलांडू पाहते. तेवढ्यात इशाऱ्याची घंटा वाजते आणि शेवटच्या दोन परिच्छेदांचा वेग दुप्पट होतो. परीक्षकांच्या कागदावर विषयाची मांडणी, भाषा, उच्चार, हावभाव असे रकाने असतात. या मुलीला समोरच्यांना नेमके काय पटवून द्यायचे होते, याचा रकाना क्वचितच आढळतो.

शिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. पाठ केलेल्या भाषणाने सभाधीटपणा येतो, चांगली मराठी जिभेवर बसते, आणि ज्या घरात पुस्तक नाही तिथल्या मुलालाही शंभर जणांपुढे पाच मिनिटे उभे राहता येते. महाराष्ट्रातल्या कितीतरी कार्यकर्त्यांचा, वकिलांचा, सरपंचांचा आवाज पहिल्यांदा अशाच स्पर्धेत फुटला. तेव्हा पाठांतराला नावे ठेवताना सांभाळून बोलावे. आक्षेप एवढाच उरतो, की तिथे आखणी शिकवली जाते असा समज होतो आणि शिकवले जाते ते दुसऱ्याने आखलेले वाहून नेणे.

विरुद्ध टोकाचे उदाहरण गाडगेबाबांचे. हातात कागद नाही, अक्षरओळख जेमतेम, आणि तरीही हजारोंचा समुदाय रात्र रात्र बसे. त्यांचे कीर्तन प्रश्नांवर चाले. बाबा विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघायचा. देव, दगड, नवस, बोकड, सावकार, दारू, मुलांची शाळा. विषय कुठून कुठे गेला असे वाटावे, मधेच हशा उसळावा आणि पुन्हा ‘गोपाला गोपाला’ सुरू व्हावे. १९५६ साली वांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. पूर्वरंगात मूळपद आणि निरूपण, मग उत्तररंगात आख्यान अशी नारदीय कीर्तनाची जी ठाशीव चौकट, ती त्यात शोधू गेल्यास हाती लागत नाही. ‘आधी रचना’ म्हणणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचे आहे, आणि ते अपवाद म्हणून सोडून देणे सोयीचे असले तरी न्यायाचे नाही.

तरीही, बाबांची तयारी नव्हती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. गावात आल्यावर ते दिवसभर झाडू घेऊन गल्ल्या, उकिरडे, ओढ्याचा काठ साफ करत. संध्याकाळी उभे राहीपर्यंत त्या गावाचे सगळे त्यांच्या नजरेखालून गेलेले असे. शिवाय कर्ज काढून सण करू नका, मुलाला शाळेत घाला, जनावराचा बळी देऊ नका, हे सांगायचे आहे याबद्दल त्यांच्या मनात कधी दुमत नव्हते. मांडणी मोकळी होती. हेतू मात्र इतका घट्ट, की प्रश्न कुठूनही सुरू झाला तरी तिथेच येऊन थांबे. मोकळेपणाचे समर्थक बाबांकडे बोट दाखवतात तेव्हा त्यांच्या मोकळेपणाकडे दाखवतात. त्यामागचा हट्ट दिसायला जरा वेळ लागतो.

दुसरीकडे, उत्स्फूर्त बोलण्याची जबाबदारीही वक्त्यालाच उचलावी लागते, आणि ती कधी कधी न्यायालयात उचलावी लागते. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी १ मे रोजी बेळगावला आणि ३१ मे व १ जून रोजी अहमदनगरला होमरूलवर भाषणे केली. भाषणे मराठीत झाली, सरकारी माणसांनी ती लघुलिपीत टिपून घेतली, त्यांची इंग्रजी भाषांतरे पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटपुढे गेली. वर्षभर चांगल्या वर्तनाची हमी म्हणून टिळकांनी २० हजार रुपयांचा जातमुचलका आणि १० हजारांचे दोन जामीन द्यावेत, असा हुकूम झाला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी तो रद्द केला. टिळकांतर्फे बॅरिस्टर जिना उभे होते. न्यायालयाने जी भूमिका घेतली ती आपल्या विषयाला लागू आहे: इकडचे तिकडचे वाक्य उचलून निर्णय देऊ नये, भाषण सबंध वाचावे आणि त्याचा एकंदर परिणाम काय होतो ते पाहावे.

या निकालातून दोन्ही बाजूंना आपापले काढता येईल. मोकळ्या बोलण्याचे समर्थक म्हणतील, टिळक ओघात बोलले, दाखले देत गेले, तरी न्यायालयाला त्यातून सलग आशय सापडला. आखणीचे समर्थक म्हणतील, सापडला कारण तो तिथे होता. राज्यसत्ता वेगळी आणि तिच्या नावाने कारभार हाकणारी नोकरशाही वेगळी, हा भेद टिळक डोक्यात पक्का करून उभे राहिले होते. आमचे मत दुसऱ्या वाचनाकडे झुकते. पण त्यात एक पाचर आहे. त्या दोन न्यायमूर्तींनी सबंध भाषण वाचले. आज मोबाइलवर वीस सेकंदांचा तुकडा फिरतो आणि उरलेले भाषण कोणी मागवत नाही. या भीतीने प्रत्येक वाक्य तोलून लिहून आणणारा वक्ता सावध होतो, आणि सावध वक्ता लवकर कंटाळवाणा होतो. न लिहिणारा ऐकावासा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी खुलासे करत बसतो. यातला कुठला तोटा पत्करायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे.

इथवर आपण हेतू वक्त्याचा असतो असे धरून चाललो. प्रत्यक्षात व्यासपीठ दुसऱ्याचे असते, आणि खरा पेच तिथे पडतो. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने १९३६ च्या आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना दिले. भाषण लिहून झाले, त्यातला मजकूर मंडळाला कळला, आणि मंडळींचा धीर सुटला. शास्त्रांचे प्रामाण्यच नाकारल्याशिवाय जात जाणार नाही हा युक्तिवाद, आणि हिंदू म्हणून हे आपले बहुधा शेवटचे भाषण, हा उल्लेख त्यांना झेपेना. काही भाग गाळावा, अशी विनंती आली. बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. परिषद झाली नाही. त्यांनी भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. १५०० प्रतींची ती आवृत्ती दोन महिन्यांत संपली, आणि ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ म्हणून मराठी वाचक ते आजही वाचतो.

इतिहासाने कौल दिल्यावर मंडळाला भित्रे ठरवणे सोपे आहे. त्यांच्या जागी उभे राहून पाहिले तर चित्र थोडे बदलते. आंतरजातीय विवाह आणि सहभोजन यांचा प्रचार करणारी ती हिंदू सुधारकांची संस्था. पंजाबातले आपले सभासद टिकवून त्यांना दोन पावले पुढे न्यायचे, हा तिचा हेतू. अध्यक्षीय भाषणाने सभासदच पांगले तर संस्थेने काय मिळवले, हा प्रश्न खोटा नव्हता. ज्याने मांडव घातला, वर्गणी गोळा केली, रोष पत्करला, त्याला आपल्या सभेचा हेतू ठरवण्याचा काहीच अधिकार नाही असे म्हणता येत नाही. बाबासाहेबांचे उत्तरही तितकेच नेमके होते. जो भाग गाळा म्हणता तोच विषयाचा गाभा आहे; आणि अध्यक्षाची मते ही अध्यक्षाची असतात, मंडळाने त्यांची जबाबदारी घेतलीच पाहिजे असे नाही. हेतू काढून घेऊन उरलेले भाषण करणे त्यांना मान्य नव्हते.

याला जोडूनच त्याच महिन्यात घडलेली दुसरी गोष्ट पाहावी, कारण त्यावरून हट्ट कशाचा होता आणि कशाचा नव्हता ते कळते. लाहोरचे भाषण पुस्तकरूपाने निघाले ते मे १९३६ च्या मध्यावर. ३१ मे रोजी मुंबईत दादरला मुंबई इलाखा महार परिषदेत बाबासाहेबांनी मराठीत भाषण केले, ते ‘मुक्ती कोन पथे?’. माणूस तोच, जातीचाच प्रश्न, अंतर जेमतेम दोन आठवड्यांचे. मांडणी पार वेगळी. लाहोरच्या मसुद्यात शास्त्रवचने, इतिहासातले दाखले, एकामागून एक आक्षेप आणि त्यांची उत्तरे अशी विद्वानांशी झुंज आहे. दादरला त्यांनी आरंभीच सभेचा हेतू सांगितला. धर्मांतराचा विषय अडाणी माणसालाही समजला पाहिजे, नाहीतर तो अमलात येणार नाही, हे बजावले. नावाड्याला प्रवासाआधी सगळी तयारी करावी लागते, आणि उतारू किती आहेत हे कळल्याशिवाय तो सामान भरू शकत नाही, असा दाखला दिला. मग समोरच्यांच्या रोजच्या अनुभवातला जुलूम, तो सोसावा लागतो याचे कारण, मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मानसिक बळ यांचा हिशेब, आणि अखेरीस स्वतःच स्वतःचा आधार व्हा हा बुद्धाचा उपदेश.

लाहोरला एक स्वल्पविराम न हलवणाऱ्या माणसाने दादरला सगळी रचना नव्याने बांधली. आमचा कल ज्या बाजूला आहे तिचा आधार हाच. हेतू वक्त्याचा, तो आधी पक्का हवा आणि श्रोते पाहून त्यात घासाघीस करू नये. क्रम, दाखले, भाषेची पातळी, लांबी हे सारे श्रोत्यांचे. त्यावर वक्त्याने अडून बसू नये. सर्वसाधारण सभांत आपण नेमके उलटे करतो. हेतू हवेवर सोडतो, आणि घरून आणलेल्या क्रमाला मात्र चिकटून बसतो. समोर निम्मी शाळकरी मुले बसलेली दिसली तरी पदवीधरांसाठी लिहिलेली प्रस्तावना वाचून काढतो.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. लाहोरच्या बाबतीत शब्द आणि हेतू वेगळे काढता येत होते का? स्वल्पविराम बदलणार नाही म्हणणे म्हणजे मांडणीलाही हात लावणार नाही असेच झाले. हे खरे आहे. अध्यक्षीय भाषण लेखी असते, ते सभेसाठी असते तितकेच नोंदीसाठी असते, आणि एकदा विशिष्ट वाक्ये खुपतात म्हणून ती काढा अशी मागणी झाली की वाक्यालाच हेतूचे मोल येते. तिथे मांडणी लवचीक ठेवा हा सल्ला कामाचा नाही. सामान्य प्रसंगाचा नियम अशा प्रसंगाला लावू नये, एवढेच यावर म्हणता येईल.

लिहून ठेवण्याचा आणखी एक फायदा अलीकडे पुन्हा दिसला. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन नयनतारा सहगल करणार होत्या. निमंत्रण ऐन वेळी मागे घेतले गेले. त्यांचे भाषण आधीच तयार होते. व्यासपीठ गेले तरी ते वर्तमानपत्रांतून महाराष्ट्रभर वाचले गेले. पण त्याच संमेलनाचे उद्घाटन शेवटी आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातल्या एका महिलेच्या हस्ते झाले, आणि तिच्या साध्या बोलण्याने मांडव हलला. एकाच संमेलनाने दोन्ही पक्षांना पुरावा पुरवला.

हेतू सुरुवातीलाच सांगून टाकावा का, हा उपप्रश्नही दोन बाजूंचा आहे. कीर्तनकार अभंग आधी म्हणतो. आता तासभर याच्यावर बोलणे होणार हे बायाबापड्यांपासून सर्वांना कळते आणि ऐकणे सोपे जाते. उलट, श्रोते विरोधात असतील तर पहिल्याच वाक्याला हेतू सांगणे म्हणजे दार लावून घेणे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी आधी मसुदा समितीच्या कामाचा आढावा घेतला, बी. एन. राव, एस. एन. मुखर्जी आणि इतरांना श्रेय दिले, संविधानावरच्या टीकेला उत्तरे दिली, आणि सर्वांत महत्त्वाचे शेवटी ठेवले: संविधानबाह्य मार्ग सोडा, व्यक्तिपूजा टाळा, राजकीय लोकशाहीच्या पाठीशी सामाजिक लोकशाही उभी करा. त्या दिवशी ते जमले, कारण सभागृह शेवटपर्यंत बसणार होते. ग्रामपंचायतीच्या पटांगणात आठ वाजता सुरू झालेली सभा साडेनऊला अर्धी रिकामी होते. तिथे मुख्य गोष्ट शेवटी ठेवणारा वक्ता ती सतरंज्यांना सांगतो.

आणि वेळ. भाषणाच्या आखणीवर जे काही लिहिले-शिकवले जाते त्यात वक्त्याला ठरलेला वेळ मिळेल असे गृहीत धरलेले असते. आपल्याकडे तो मिळत नाही. पत्रिकेत सहाची वेळ असते, पाहुणे पावणेसातला येतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, देणगीदारांचा सत्कार, राहून गेलेल्यांचा सत्कार, आमदारसाहेबांना पुढच्या कार्यक्रमाला जायचे असल्याने त्यांचे मनोगत आधी. पाऊण तासासाठी बोलावलेला वक्ता उठतो तेव्हा घड्याळात पावणेनऊ झालेले असतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा असतो, आणि अजून आभारप्रदर्शन, राष्ट्रगीत व्हायचे असते. वक्ता रंगात येतो न येतो तोच सूत्रसंचालकाच्या हातून चिठ्ठी सरकत येते: ‘५ मि.’ आता तो काय करतो ते पाहावे. चार मुद्द्यांतल्या दुसऱ्यावर असेल तर तो ‘वेळेअभावी फक्त उल्लेख करतो’ म्हणत तिसरा आणि चौथा भरभर वाचतो. ज्यासाठी तो आला ते चौथ्यात असते.

म्हणून आखणीचे खरे काम, आमच्या मते, काय बोलायचे यापेक्षा काय गाळायचे हे आधी ठरवण्याचे आहे. पाऊण तासाचे भाषण वीस मिनिटांवर आले तर कुठले दोन मुद्दे जातील आणि दहावर आले तर कुठला एकच राहील, हे ज्याने घरी ठरवले त्याला चिठ्ठी आली तरी घाम फुटत नाही. जे गाळवत नाही तोच बहुधा हेतू असतो. मनात तो धूसर असेल तर या कात्रीने स्पष्ट होतो. यात मोकळेपणालाही जागा राहते. गाळण्याजोगे म्हणून जे बाजूला ठेवले, त्यातलेच काही श्रोते रंगले तर फुलवता येते.

या पद्धतीची किंमत आहे, ती लपवू नये. काही वक्त्यांचे सारे सौंदर्य आडवाटांत असते. प्राचार्य शिवाजीराव भोसले कागदाशिवाय बोलत; त्यांना ऐकायला जाणारे मुद्दे टिपायला जात नसत, त्या भाषेच्या प्रवाहात बसायला जात. अत्र्यांच्या सभेतून हशे गाळून ‘मूळ हेतू’ काढला तर जे उरेल त्यासाठी कोणी शिवाजी पार्क गाठले नसते. अशा माणसांना गाळणीची कात्री देणे हा उद्धटपणा होईल. मात्र त्यांच्या मोकळेपणामागे चाळीस-पन्नास वर्षांचे वाचन आणि रोजचे बोलणे होते. वर्षातून दोनदा माइकसमोर उभा राहणारा माणूस त्यांच्या ऐटीत आडवाट धरतो आणि परत येत नाही, हेही आपण पाहतोच. काही प्रसंग तर हेतू स्वतःच ठरवून देतात. शोकसभेत किंवा निरोप समारंभात आराखडा घेऊन उभे राहणाऱ्याला कोणी धन्यवाद देणार नाही.

आयोजकांकडूनही थोडे मागता येईल. आपली निमंत्रणपत्रे ‘आपण उपस्थित राहून मार्गदर्शन करावे’ एवढ्यावर थांबतात. कोणाला, कशाबद्दल, किती मिनिटे, आणि लोक घरी जाताना त्यांच्या मनात काय असावे अशी तुमची इच्छा आहे, यातले काहीच त्यात नसते. मग वक्ता स्वतःच्या सोयीचा हेतू घेऊन येतो आणि मंडळ नंतर कुरकुरते. लाहोरच्या मंडळाने निदान आपली हरकत लेखी कळवली होती. पत्रात चार ओळी वाढवल्या तर सभेचा हेतू काय हे आयोजकाला आधी स्वतःशीच ठरवावे लागेल, आणि वक्त्याला नाही म्हणायला वेळेत जागा मिळेल. नामवंत वक्त्यांना अशा सूचना अपमानास्पद वाटतील, असे काही कार्यकर्ते म्हणतात. वाटतीलही, आणि ते त्या ओळी वाचणारही नाहीत. पण पहिल्यांदाच बोलावलेल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना, कृषी सहायकाला, जवळच्या शाळेतल्या मास्तरांना त्या उपयोगी पडतील. आणि गावोगावच्या सभांत बोलणारे बहुसंख्य तेच आहेत.